कसोटीचा दगड आणि दगडाची कसोटी

आपल्या भाषेने दगडावर मोठा अन्याय केला आहे. मंद बुद्धीच्या माणसाला आपण दगड म्हणतो, निष्ठुराचे काळीज दगडाचे आहे म्हणतो, आणि दोन वाइटांतून एक पत्करण्याची वेळ आली तर ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून विटेला पुढे करतो. पण हीच भाषा पारख करावयास निघाली की तिला दगडावाचून गत्यंतर उरत नाही. माणूस कसोटीला लागतो. त्याचा कस पाहिला जातो. एखादे मत निकषावर घासून घेतले जाते. आणि या सर्वांतून जो निर्दोष उतरतो त्याला आपण बावनकशी म्हणतो. हे सारे शब्द सोनाराच्या दुकानातल्या एका लहानशा, काळ्या, गुळगुळीत दगडापासून निघाले आहेत. सोन्याची परीक्षा करण्याचा मान ज्याला दिला, त्याच्या भाऊबंदांची परीक्षा कशी करावयाची, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. अनोळखी दगड हाती आला तर तो घरच्या घरी कसा ओळखावा, आणि ही ओळखण्याची विद्या आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, असा हा दुहेरी विषय आहे.

मिरजगावकरांना हा प्रश्न नवखा वाटू नये. नगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले हे गाव. जवळून सीना वाहते, तालुक्याच्या दक्षिण शिवेला भीमा आहे; परंतु पावसाचे मान बेताचे, म्हणून शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर. आणि विहीर खणणाऱ्याला भूमीच्या पोटाचे जे दर्शन घडते ते पुस्तके वाचणाऱ्याला घडत नाही. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, खाली मुरूम, त्याखाली खडक, तोही एकसारखा नव्हे. कोठे घणाला दाद न देणारा काळा पाषाण, कोठे पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा, त्या मानाने मऊ खडक, तर मध्येच विटेच्या रंगाचा एखादा तांबडा थर. एखाद्या दिवशी सुरुंगाचा धूर निवतो आणि खडकात एक पोकळी उघडी पडते. तिच्या भिंतींना आतून पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे स्फटिक बिलगलेले असतात, आणि उन्हाची तिरीप पडताच ती पोकळी देव्हाऱ्यासारखी उजळते. मग विहिरीच्या काठावर माणसे जमतात. कोणी म्हणतो हिरे, कोणी म्हणतो काच, कोणी म्हणतो खडीसाखरेसारखे काहीतरी असेल. ज्याच्या शेतात ते निघाले त्याला त्या क्षणी एकच हवे असते : हे काय आहे ते कोणीतरी खात्रीने सांगावे. नेमके याच वेळी खात्रीने सांगणाऱ्यांची जगात वाण नसते, आणि त्यांतले निम्मे विकत घ्यावयास किंवा विकावयास आलेले असतात.

ही पोकळी आली कोठून ते दोन वाक्यांत सांगून टाकू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले, रस थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने आपल्यातील विरघळलेली द्रव्ये तेथे आणून ठेवली. पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या डोंगरांना युरोपीय भूशास्त्रज्ञांनी ‘ट्रॅप’ हे नाव दिले. तो स्वीडिश भाषेतला पायरी अशा अर्थाचा शब्द आहे. दोन थरांमधल्या काळात उघड्या राहिलेल्या खडकाची माती झाली आणि पुढच्या रसाने ती भाजून काढली, तो आपल्या विहिरीतला तांबडा थर.

आता इतिहासाकडे वळू. या जिल्ह्यात दगडाची परीक्षा पहिल्याने कोणी केली याला उत्तर आहे, आणि ते आपल्याच प्रवरेच्या काठी सापडले आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केले. तेथे त्यांना अश्मयुगीन माणसाची हत्यारे मिळाली, आणि त्यांतील मधल्या अश्मयुगाच्या हत्यारांना तर नेवाशाचेच नाव मिळाले. आम्हांला या हत्यारांत एक गोष्ट फार बोलकी वाटते. आधीच्या युगाचा माणूस आपल्या फरशी कुऱ्हाडी भोवतालच्या काळ्या खडकाच्या करीत होता. नंतरचा माणूस लहान, धारदार तासण्यांसाठी गारेच्या जातीचे चर्ट, जॅस्पर, अकीक असे दगड नदीच्या गोट्यांतून वेचू लागला. सहस्रावधी गोट्यांतून नेमका तोच गोटा उचलावयाचा, म्हणजे त्याच्यापाशी काही खूण असलीच पाहिजे. खूण अशी की या जातीचा दगड फुटताना शिंपल्याच्या पाठीसारखा गोलाईने फुटतो व कडेला वस्तऱ्याची धार येते. काळा पाषाण ओबडधोबड फुटतो. पुढे ताम्रपाषाण युगातल्या माणसाने, जोर्वे, दायमाबाद आणि घोडनदीकाठचे इनामगाव येथील वस्त्यांत, अकिकासारख्या दगडाची लांब, समांतर कडांची पाती काढण्याचे तंत्र इतके साधले की आजही ती पाती पाहून हात फिरवावासा वाटतो. खनिजशास्त्र ज्याला ‘भंजन’ म्हणते, म्हणजे फुटण्याची तऱ्हा, ती परीक्षा अशी आपल्या जिल्ह्यात लिपीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

लिपी आल्यावर विद्या ग्रंथांत शिरली. कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत प्रसिद्ध केली; ती सिद्ध करणारे रा. पं. कंगले हे आपल्या महाराष्ट्रातलेच पंडित. त्या ग्रंथातले खाणींचे व सुवर्णाचे अध्याय ज्याने वाचले नाहीत त्याने ते अवश्य वाचावेत, कारण राजनीतीपेक्षा तेथे दुकानदारीचे ज्ञान अधिक आहे. कौटिल्य सांगतो की कोणत्याही धातूचा दगड जितका जड तितका त्यातला धातूचा अंश अधिक. म्हणजे पाहून भुलू नका, तोलून पहा! कसोटीच्या दगडाविषयी तो म्हणतो की कलिंगातला किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा दगड सर्वांत उत्तम. तापी म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणारी तापी. एवढ्यावर तो थांबत नाही. विकणाऱ्याला सोयीचा कसोटीचा दगड कोणता आणि घेणाऱ्याला सोयीचा कोणता हेही तो सांगतो : हत्तीच्या कातडीच्या रंगाचा, हिरवट झाक असलेला दगड सोन्याचा रंग खुलवून दाखवतो, तो विकणाऱ्याच्या फायद्याचा, खरबरीत, विषम रंगाचा दगड रंग दाबतो, तो घेणाऱ्याच्या. आणि नखांत गेरू लपवून तो हळूच कसाच्या रेघेवर चोळणाऱ्या लबाडाचीही त्याला माहिती आहे. ज्याने हे लिहिले तो पेढीवर बसलेला असला पाहिजे, किंवा पेढीवर एकदा चांगला फसलेला तरी.

हिऱ्याविषयी कौटिल्याचे लक्षण असे : तो जड असावा, त्याचे कोपरे सारखे असावेत, त्याने भांड्यावर ओरखडा काढावा, आणि घाव सोसावा. यातले भांड्यावर ओरखडा काढणे ही शुद्ध घरगुती परीक्षा आहे. यानंतर कित्येक शतकांनी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचे अध्याय लिहिले. तोही सांगतो की हिऱ्याला दुसरे कोणतेही द्रव्य भेदू शकत नाही, आणि ते बरोबर आहे. पण पुढे तो म्हणतो की उत्तम हिरा हलका असतो व पाण्यावर तरंगतो. आता हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड आहे. तो पाण्यात टाकला तर गारगोटीपेक्षाही झटकन तळ गाठतो. एक पेलाभर पाणी आणि राजाच्या कोठारातला एक हिरा एवढ्या साहित्यात या विधानाचा निकाल लागला असता. वराहमिहिरासारख्या ज्योतिर्विदाच्या बुद्धीविषयी शंका घेण्याची आमची छाती नाही. पण रत्नांच्या बाबतीत तो परंपरेने आलेले लिहून ठेवीत होता, आणि परंपरेने आलेल्या गोष्टीला पाण्यात बुडवून पाहण्याची रीत मोडली होती, असेच म्हणणे भाग आहे. गरुडपुराणाचा रत्नाध्याय या मानाने सावध आहे. लबाड लोक काच, स्फटिक, पुष्कराज अशा वस्तूंचे खोटे हिरे करतात, तेव्हा क्षाराने, ओरखड्याने आणि शाणेवर घासून त्यांची परीक्षा करावी, असे त्यात सांगितले आहे.

हा रोग आपल्याच ग्रंथांना जडला होता असे मात्र कोणी समजू नये. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला की हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तर घणच फुटेल, हिरा फुटणार नाही. तो फोडावयाचा तर बोकडाचे ताजे रक्त हवे. कौटिल्याचे ‘घाव सोसणारा’ हे लक्षणही त्याच जातीचे. वस्तुतः कठीणपणा निराळा आणि चिवटपणा निराळा. हिरा सर्वांहून कठीण खरा, पण त्याच्या ठरावीक प्रतलांत घाव बसला की तो सरळ चिरतो. या एका गैरसमजापायी जगात किती खरे हिरे ऐरणीवर भुगा झाले असतील, कोण सांगणार? आपल्याकडे विहिरीतल्या पोकळीवर पहिला घाव घणाचा पडतो, तोही याच समजुतीने : खरे असेल तर फुटणार नाही. एक अखंड झुबका, ज्याचे मोल खडकासकट असते, तो अशा वेळी चुरा होऊन बांधावर पडतो.

खात्री न करता दगडावर विश्वास ठेवण्याची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण इंग्लंडने घालून दिले आहे. मार्टिन फ्रोबिशर नावाचा दर्यावर्दी १५७६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यावरून एक काळा दगड घेऊन लंडनला आला. तेथल्या पारख्यांनी तो निरुपयोगी ठरवला. परंतु एका इटालियन किमयागाराने त्यात सोने आहे असे सांगितले. लोकांना जे ऐकावयाचे होते ते त्याने सांगितले म्हणून त्याचेच खरे धरण्यात आले. राणी एलिझाबेथनेही पैसा घातला. पुढच्या दोन सफरींत हजार टनांहून अधिक दगड जहाजांत भरून आणला गेला, त्यासाठी खास भट्ट्या बांधल्या, आणि त्यातून सोने काही निघाले नाही. शेवटी तो दगड रस्त्यांत आणि भिंतींत गेला. भारमान सोन्याचे आणि उपयोग खडीचा!

मग दगडाची सोपी, कोणालाही करता येणारी परीक्षा शास्त्रशुद्ध केव्हा झाली? युरोपात खाणींच्या आश्रयाने ती वाढली. पुढे जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अध्यापक झालेल्या वेर्नर याने १७७४ मध्ये डोळा, हात व जीभ यांना कळणाऱ्या लक्षणांवर पुस्तक लिहिले. त्याच्याच शिष्यवर्गातला फ्रीड्रिक मोस याने १८१२ मध्ये दहा खनिजांची एक शिडी मांडली. वरच्या पायरीचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, खालचा वरच्यावर काढू शकत नाही. एवढाच तिचा नियम. तळाशी संगजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, फेल्स्पार, गारगोटी, पुष्कराज, कुरुंद, आणि माथ्यावर हिरा. यातल्या कुरुंदाचे इंग्रजी नाव आपल्याकडूनच तिकडे गेलेले आहे. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नवव्या पायरीपासून दहावी जितकी दूर आहे तितके अंतर खालच्या कोणत्याही दोन पायऱ्यांत नाही. पण ओळख पटवण्याच्या कामाला ही शिडी पुरते.

या शिडीच्या मधल्या पायऱ्या प्रत्येक घरात आहेत. आपले नख अडीचाच्या आसपास. तांब्याची वस्तू तिनाच्या जवळ; जुन्या पुस्तकांत यासाठी तांब्याचा पैसा घ्यावा असे लिहिलेले आढळेल, पण आजची नाणी निव्वळ तांब्याची नाहीत, तेव्हा तांब्याच्या तारेचा तुकडा घ्यावा; पूजेची पळी त्यासाठी घेतली तर घरात वाद होईल. चाकूचे पाते आणि खिडकीची काच साडेपाचाच्या सुमारास. चांगली कानस साडेसहा. आणि सातव्या पायरीची गारगोटी सीनेच्या वाळूत हवी तेवढी. ओरखडा पडला की नाही हे पाहताना एक काळजी घ्यावी : ओल्या बोटाने रेघ पुसून पहावी. पुसली गेली तर ती दुसऱ्या वस्तूची पूड होती, ओरखडा नव्हता. आता विहिरीतला तो हिरवा स्फटिक घ्या. कोणी त्याला पाचू म्हणून सांगितले असेल. पाचूची जागा सातव्या पायरीच्या वर आहे, चाकू त्याचे काही करू शकत नाही. आपल्या स्फटिकावर चाकूची रेघ उठली की तो पाचू नव्हे हे तिथल्या तिथे ठरले. दख्खनच्या खडकातला तो बहुधा अपोफिलाइट असतो, आणि त्याची खूण अशी की एका बाजूने तो सपाट पापुद्र्यांनी सुटतो व त्या बाजूवर मोत्यासारखी झाक मारते.

रंगावर मात्र फार भार ठेवू नये. एकच गारगोटी पांढरी, जांभळी, गुलाबी, धुरकट अशा अनेक रंगांची मिळते. रंगाहून विश्वासू आहे ती दगडाची पूड. चिनी मातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू किंवा कपाच्या बुडाची खरबरीत कड घ्यावी आणि तिच्यावर दगड ओढावा. हेमेटाइट नावाचे लोहखनिज वरून काळे चकचकीत असले तरी रेघ गेरूसारखी तांबडी उठते. मॅग्नेटाइटची काळी उठते. आणि सोन्यासारखे पिवळे दिसणारे पायराइट, जे जगभर मूर्खांचे सोने म्हणून ओळखले जाते, ते हिरवट काळी रेघ काढून आपले सोंग उघडे करते. खरे सोने सोनेरीच रेघ काढते. मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवणाऱ्यांनी या रेघेला जो शब्द योजला तो आहे ‘कस’. सोनाराच्या पेढीवरचा शब्द शास्त्रात गेला, आणि आमच्या मते इतका नेमका पारिभाषिक शब्द आपल्याकडे क्वचितच साधला असेल. रेघ ओढण्याची ही परीक्षा सातव्या पायरीच्या खालच्या दगडांनाच लागू आहे, हे लक्षात ठेवावे. गारगोटी फरशीवर ओढली तर फरशीच खरवडून निघते.

कौटिल्याचा तोलण्याचा उपदेश आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाळता येतो. दगड आधी कोरडा तोलावा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पाण्यात पुरता बुडवून धरावा. काट्यावर जो आकडा येईल तो दगडाने सारलेल्या पाण्याचा. समजा दगड ५८० ग्रॅम भरला आणि पाण्यात धरल्यावर काट्याने २०० ग्रॅम दाखवले, तर दगड पाण्याच्या २.९ पट जड; म्हणजे आपला काळा पाषाण. गारगोटी २.६५ येते, कॅल्साइट २.७, पोकळीतला गुलाबी स्टिल्बाइट २.२ च्या आसपास, पायराइट ५, आणि सोने १९ च्या वर. पायराइट आणि सोने यांत जो फरक डोळा करू शकत नाही तो हा काटा एका क्षणात करतो. हिरा ३.५. वराहमिहिराचे विधान तपासून पाहण्याची ज्यांना हौस असेल त्यांनी घरातल्या कुडीवर प्रयोग करण्यापूर्वी मालकिणीची अनुमती घ्यावी.

आंबटाची परीक्षाही स्वयंपाकघरातलीच. चुन्याच्या जातीचा कोणताही दगड, मग तो मातीतला चुनखडीचा खडा असो की पोकळीतला नितळ कॅल्साइट, त्याची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस पिळला की बारीक बुडबुडे उठतात. गारगोटीला काही होत नाही. तीव्र आम्ले यासाठी घरात आणू नयेत, लिंबू पुरते. कॅल्साइट नितळ असेल तर त्याची आणखी एक गंमत पहावी : तो छापील कागदावर ठेवला की खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ मध्ये ही गोष्ट आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये पाहिली आणि तिच्या उलगड्यासाठी पुढे प्रकाशाचे सारे शास्त्र कामाला लागले. स्फटिकाच्या माळा विकणाऱ्यांकडे काचेचे मणी असतात त्यांचीही परीक्षा सोपी. खरा स्फटिक म्हणजे गारगोटीच. ती काचेवर ओरखडा काढते, आणि ओठाला लावली तर काचेपेक्षा थंड लागते.

पोकळीतल्या झिओलाइट खनिजांना त्यांचे नावच एका अशा परीक्षेने मिळाले आहे. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक स्फटिक फुंकणीच्या ज्योतीत धरला. तो फुगला, त्याला फेस आला, जणू उकळी फुटली. त्याने ग्रीक शब्द जुळवून त्याला ‘उकळणारा दगड’ म्हटले. आत कोंडलेले पाणी ऊन लागताच बाहेर पडते म्हणून असे होते. सोनाराच्या घरी फुंकणीने डाग देताना पाहिलेल्या कोणालाही हा प्रयोग समजेल. करावयाचा तर लहानशी कपची चिमट्यात धरून, डोळ्यांना चष्मा लावून करावा, कारण काही दगड उष्णतेने तडतडून उडतात.

आता आम्ही अशा भागाकडे येतो जो आम्हांला या विषयात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. झिओलाइटांची व त्यांच्या सोबत्यांची इतकी समृद्ध भूमी जगात थोडीच आहे, पण तिची ओळख जगाला आपण करून दिली नाही. कर्नल साइक्स हा १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्यासाठी दख्खनभर हिंडला आणि येथील खडकांवरचा त्याचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सभेत वाचला गेला. पुढे १८५६ ते १८६३ या वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोरघाट फोडला. बोगद्यांच्या खोदाईत पोकळ्या उघड्या पडल्या, आणि त्यांतले उत्तम नमुने युरोपातल्या संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसले. खाली चिठ्ठी असे ‘पूना’. ती चिठ्ठी लिहिणारा ठाऊक असतो, नमुना देणगी देणारा ठाऊक असतो. घाटात पहार चालवून तो स्फटिक अखंड बाहेर काढणाऱ्याचे नाव कोठेच नाही.

त्या माणसाला दगड कळत नव्हता असे कोण म्हणेल? आमच्या समजुतीप्रमाणे नेवाशाच्या प्राचीन माणसापासून चालत आलेली हाताची परीक्षा ग्रंथांत खंडित झाली, पण वडाराच्या व पाथरवटाच्या हातात ती खंडित झाली नाही. जात्याचा दगड निवडणारा पाथरवट हातोडी मारून आवाज ऐकतो : खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत चीर. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला कोणता दगड भुगा सोडील आणि कोणता वर्षभर धार धरील हे हाताला कळते. भीमेच्या काठी सिद्धटेकला अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या देवळाचा काळा पाषाण ज्यांनी निवडला त्यांनीही तो कोणत्यातरी परीक्षेनेच निवडला. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेलेल्या या भागातल्या हजारो बायाबापड्यांनी तर पोटासाठी ती विद्या आत्मसात केली. दिवसाची मजुरी फुटलेल्या खडीच्या ढिगावर असली की कोणता दगड कोणत्या अंगाने फुटतो हे शिकावेच लागते. यातले काही लिहिले गेले नाही, आणि जात्यांबरोबर त्यातले बरेचसे जातही आहे.

त्याचा तोटा रोकड आहे. विहिरी आणि खडीच्या खाणी वाढल्या तसा गेल्या अर्धशतकात दख्खनच्या स्फटिकांचा व्यापार जगभर पसरला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर आपल्याच शिवारासारख्या शिवारांतून निघालेले हे वैभव काचेआड मांडलेले दिसेल. तेथे उभे राहिले म्हणजे मनात येते की यातले किती नमुने मूळ मालकाने काय आहे ते जाणून विकले असतील, आणि किती गाडीभर दगडांच्या भावाने. पोकळी उघडली की घण बाजूला ठेवावा, चाकू, फरशी, लिंबू आणि काटा काढावा; निदान काय विकतो आहोत ते विकण्यापूर्वी कळेल. उलट बाजूने येणारा तोटाही लहान नाही. ग्रहशांतीच्या नावाने पाचू म्हणून रंगीत काच गळ्यात घालणारे आपल्या शहरांत कमी नाहीत, आणि त्यांना कसोटी लावण्याचा धीर होत नाही, कारण कसोटी लावणे म्हणजे अश्रद्धा असे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेले असते.

उल्केविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण काळा, जड दगड सापडला की तो आकाशातून पडला अशी वदंता हल्ली लगेच उठते. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ खरोखरीच उल्कापात झाला, त्यापासून तर ती जास्तच उठते. चुंबक लावला, दगड चिकटू पाहतो, म्हणून उल्का, असा तर्क केला जातो. परंतु आपल्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइटचे कण आहेत. जुन्या कर्ण्यातला चुंबक कागदात गुंडाळून सीनेच्या वाळूतून फिरवला तर काळ्या कणांची दाढी त्याला लागते. लोहाराच्या भट्टीची मळीही चुंबकाला ओढते. तेव्हा पुढे पहावे. ताज्या उल्केला बाहेरून वितळून थिजलेली पातळ काळी साल असते आणि आतला भाग सहसा फिकट निघतो; भोके व बुडबुडे तिच्यात बहुधा नसतात. भोकाभोकांचा काळा दगड हा आपल्याच भूमीचा किंवा भट्टीचा.

या घरगुती परीक्षांची मर्यादाही सांगितलीच पाहिजे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडद निळ्या स्फटिकांचे झुबके मोठ्या प्रमाणावर निघू लागले. कॅव्हन्साइट हे त्यांचे नाव. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांची आद्याक्षरे जोडून ते बनवले आहे. हे खनिज जगाला पहिल्याने अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडले, पण उत्तमोत्तम नमुने वाघोलीचेच. त्याच खाणींत पेंटागोनाइट नावाचे दुसरे निळे खनिज मिळते. दोघांत घटक तेच, प्रमाण तेच. फक्त आतल्या अणूंची मांडणी निराळी. लिंबू, चाकू आणि काटा येथे हात टेकतात. झिओलाइटांच्या कुळातल्या कित्येक भावंडांचीही अशीच गत आहे. त्यांचा निवाडा क्ष-किरणांनी होतो, आणि ती युक्ती लाउए व ब्रॅग यांच्या १९१२-१३ च्या शोधांपासून शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. अशा वेळी नमुना महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे न्यावा. नेताना तो कोणत्या गटातल्या विहिरीत, किती फुटांवर, कोणत्या खडकात निघाला हे चिठ्ठीवर लिहून ती त्याच्याबरोबर बांधावी, आणि चिठ्ठीवर तो काढणाऱ्याचे नाव घालावे.